धाब्यावरची ढाबळ आणि उत्तरायणाचे जखमी पारवे

चबुतरा (धागाकर्ता), २४ डिसेंबर

उत्तरायणाला, म्हणजे गुजरातेतल्या पतंगांच्या संक्रांतीला, तीन आठवडे उरलेत. वडोदऱ्यात ज्याच्या धाब्यावर (गच्चीवर) ढाबळ, म्हणजे कबुतरांचं खुराडं, आहे त्याच्या दारात १४ जानेवारीला, नाहीतर दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणाला, कुणीतरी बुटाचं खोकं घेऊन उभं राहणारच. खोक्यात पारवा, पंखात पतंगाची दोरी आणि तोंडी एकच वाक्य: 'तुमच्याकडे एवढी आहेत, त्यात हे एक.' नेमकं हेच करायचं नसतं, म्हणून धागा. ढाबळीची मांडणी मी लिहितो, जखमांचं जाणकारांनी लिहावं.

दहा जोड्यांना ६ बाय ८ फूट आणि ७ फूट उंची पुरते. याहून जास्त पक्षी कोंबले की आधी हवा बिघडते आणि मग आजार येतात, कितीही झाडा. ढाबळीचा तळ धाब्याच्या फरशीपासून दीड ते दोन फूट वर, लोखंडी अँगलवर. खाली मोकळं राहिलं की पावसाचं पाणी निघून जातं, उंदीर घर करत नाही आणि झाडू फिरतो. जाळीची बाजू पूर्वेला, नाहीतर आग्नेयेला. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा पश्चिम आणि दक्षिण बंदच ठेवा. जाळी अर्धा इंची वेल्डेड. षटकोनी कोंबडीची जाळी स्वस्त पडते, पण मांजर तिच्यातून पंजा घालून झोपलेल्या कबुतराचा पाय ओढतं आणि उंदराची पिल्लं तर सरळ आत जातात. वर नुसता पत्रा असेल तर मे महिन्यात आत भट्टी होते. पत्र्यावर चार बोटांची फट सोडून दुसरा थर द्या, गवताचा किंवा जुन्या चटयांचा, आणि वरच्या थराला चुना मारा. छपराखाली दोन्ही टोकांना हातभर रुंद झरोका हवा. गरम हवा वर जाते, तिला बाहेर पडायला वाट पाहिजे.

जोडीला एक खण, २४ इंच रुंद, १६ खोल, १५ उंच. त्यात कुंभाराकडची नऊ-दहा इंची उथळ मातीची थाळी. प्लास्टिकची थाळी गुळगुळीत असते, तिच्यात पिल्लाचे पाय फाकतात आणि तसेच राहतात. बसायला दांडी नको, दहा इंची चौकोनी खोपे भिंतीवर ठोका. लांब दांडीवर एक दादा नर बसतो आणि बाकीच्यांना ढकलत राहतो.

आता मुद्द्याचं. ढाबळीपासून लांब, जमलं तर जिन्याच्या खोलीत, दोन-तीन पिंजरे कायमचे मोकळे ठेवायचे. २४ बाय १८ बाय १८ इंच. खाली वर्तमानपत्र, भुसा किंवा गवत नाही, कारण विष्ठा दिसली पाहिजे. बाहेरून आलेला कोणताही पक्षी, नुसता थकलेला दिसला तरी, ढाबळीत जाण्याआधी ३० दिवस इथे. तीस म्हणजे तीस.

गिरेबाज

मांडणीला अनुमोदन. एक भर: १० ते २० जानेवारी आपली कबुतरं सोडूच नका. सराईत गिरेबाजही (उंच उडवायच्या जातीचं कबुतर) दोरी दिसत नाही म्हणूनच सापडतो, त्यात हुशारीचा संबंध नाही. ते दहा दिवस उडणं बंद तर खाणंही कमी, माणशी, म्हणजे पक्ष्यामागे, ३५ ग्रॅमच्या जागी २५ ते २८. एरवी वीस कबुतरांना दिवसाला ७०० ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. मुठीने घालणारा एक तर उपाशी ठेवतो नाहीतर माजवतो.

दहा किलोचं मिश्रण असं: बाजरी ३ किलो, ज्वारी २, गहू २, बारीक मका १, आणि मटकी-मूग-हरभरा मिळून २. पिल्लं असताना कडधान्य साडेतीन किलोवर न्या आणि तेवढी बाजरी-ज्वारी-गहू कमी करा. एप्रिल-मेमध्ये मका काढून टाका. पावसाळ्यात दाणे हातात घेऊन वास घ्या. कुबट वास आला तर धुऊन, वाळवून वापरायच्या भानगडीत पडू नका. बुरशीचं विष धुतल्याने जात नाही, यकृत संपवतं. धान्य फेका. आणि पक्ष्यांना दाणे घालायच्या चबुतऱ्यावर लोक पुण्य म्हणून गाठिया आणि शेव टाकतात ना, ते आपल्या पक्ष्यांपर्यंत येऊ देऊ नका. मीठ आणि तेल दोन्ही जास्त.

ग्रिट विसरू नका. शिंपल्याचा चुरा, विटेचे मुगाएवढे खडे आणि कोळशाचे तुकडे वेगळ्या भांड्यात, कायम. कबुतराला दात नाहीत, दाणे पोटातल्या खड्यांवर भरडले जातात. शिंपला कमी पडला की अंड्याचं कवच मऊ येतं आणि मादी अंडं अडकून मरते.

चिमटा-सुई, २५ डिसेंबर

जखमींचं मी लिहितो. पक्ष्यांवर रोज उपचार करतो, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिल्या तासात पक्ष्याला मारतो तो धक्का. जखम बहुतेकदा त्यानंतर. पारव्याचं वजन २५० ते ३५० ग्रॅम, त्यात रक्त साधारण २५ ते ३० मिली. दोन चहाचे चमचे रक्त गेलं म्हणजे तिसरा हिस्सा गेला. त्यावर आणखी चार माणसं भोवती जमून फोटो काढत असतील तर तो पक्षी तुमच्या हातातच जातो. म्हणून क्रम लक्षात ठेवा.

आधी टॉवेल टाकून पकडा, पंख अंगाला लागलेले, छाती मोकळी. पक्ष्याला छाती आणि पोटामधला पडदा नसतो, श्वास घ्यायला छातीचं मधलं हाड पुढे-मागे व्हावं लागतं. छाती दाबून धरली की तो गुदमरतो आणि आपल्याला वाटतं शांत झाला.

दोरी ओढायची नाही. लटकणारी दोन्ही टोकं कात्रीने जखमेपासून दोन बोटं अंतरावर कापा आणि रुतलेला भाग तसाच राहू द्या. तो ओढलात तर करवतीसारखा पुन्हा कापतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाच्या घडीने घड्याळ लावून पाच मिनिटं दाबा, मधे उचलून बघू नका. नख तुटून रक्त येत असेल तर कॉर्नफ्लोर दाबलं तरी थांबतं, पण ते फक्त नखाला, उघड्या जखमेत पीठ घालायचं नाही.

मग खोकं. झाकणाला पेन्सिलीएवढी आठ-दहा भोकं, तळाला घडी केलेला टॉवेल. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका कडेला, म्हणजे जास्त गरम झालं तर पक्षी दुसऱ्या कडेला सरकेल. आत साधारण ३० अंश हवेत. झाकण बंद, खोली अंधारी, टीव्ही बंद, धाब्यावरचे स्पीकर लांब. तासभर काहीही खायला-प्यायला नाही. चोचीत पाणी ओतणं तर कधीच नाही. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशी उघडं असतं, ओतलेलं पाणी थेट फुप्फुसात जातं.

आपल्याकडे यासाठी व्यवस्था आहे ती वापरा. १९६२ वर फोन केला की करुणा ॲम्ब्युलन्स. राज्य सरकारचं करुणा अभियान २०१७ पासून दर जानेवारीत १० ते २० तारखेला चालतं, त्या दिवसांत जागोजागी केंद्रं असतात. घरी सगळं करायचा हट्ट कुणासाठी?

तिसरा मजला

वाखू (वाचनखूण) साठवली. पण हळद? आमच्याकडे जखम म्हटलं की आजी हळद आणि खोबरेल तेल घेऊनच येते.

चिमटा-सुई

आजींना चहाला बसवा. तेल, तूप, व्हॅसलीन, मलम, जे जे तेलकट ते पिसांना लागलं की पिसं चिकटतात. मग ऊब धरत नाहीत आणि जानेवारीच्या पहाटे पक्षी गारठून मरतो. हळदीची पूड जखमेत गोळा होऊन बसते आणि टाके घालताना ती खरवडून काढावी लागते.

धुवायला सलाइन. नसेल तर उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. बीटाडीन वापरायचं तर फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून, साधारण एकास दहा. डेटॉल नको. स्पिरिट नको.

एक जागा मात्र अशी आहे जिथे सलाइनही ओतायचं नाही. पंखातलं दंडाचं हाड मोडून कातडीबाहेर आलं असेल तर लांब राहा. ते हाड पोकळ असतं आणि श्वासाच्या पिशवीला जोडलेलं असतं. त्यात पाणी गेलं म्हणजे पक्षी बुडाला, शब्दशः. तिथे ओल्या गॉझने झाकायचं आणि निघायचं.

चबुतरा

मांजाची जखम नेमकी कुठे बघायची ते लिहा ना. लोक पक्षी उलटासुलटा करून 'काही दिसत नाही' म्हणतात आणि सोडून देतात. दोन दिवसांनी तोच पारवा गल्लीत कुत्र्याच्या तोंडी.

चिमटा-सुई

बरोबर. सगळ्यात जास्त कापली जाते ती पंखाच्या पुढच्या कडेची कातडी, खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेली. पंख मिटला की ती पिसांत पूर्ण लपते. बघायची रीत: पक्षी टॉवेलमध्ये, एक पंख हलक्या हाताने अर्धा उघडा आणि पुढच्या कडेवर फुंकर मारा. पिसं बाजूला होतात. निरोगी कातडी फिकट गुलाबी आणि इतकी पातळ की खालची शीर दिसते. कापलेली असेल तर कडा आत वळलेल्या, मधे सुकलेल्या रक्ताची काळी रेघ आणि त्या रेघेत कधी कधी केसासारखी चमकणारी दोरी. काळी रेघ पिसांच्या सावलीसारखी दिसते, म्हणून सलाइनचा बोळा फिरवून खात्री करा. दोन्ही पंख बघा. उडताना दोरी एका पंखाला लागली की पक्षी गिरकी घेतो आणि दुसरा पंखही तीत अडकतो.

भोवतीची पिसं उपटू नका, ही कातडी पिसासोबत फाटते. गोल टोकाच्या कात्रीने कापा. मग सलाइनने ओला केलेला गॉझ, कारण उघडी राहिली की ही कातडी तासाभरात सुकून कागदासारखी होते आणि टाका धरत नाही. सहा-आठ तासांत टाके पडले तर पंख वाचायची आशा चांगली.

काच लावलेला सुती मांजा कापून तुटतो. जखम खोल पण सरळ. नायलॉन तुटत नाही. तो गुंडाळतो आणि पक्षी जेवढा फडफडेल तेवढा आवळतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी फिरक्या मिळतात, ते सगळ्यांना माहीत आहे. नायलॉन असेल तर बोटं आणि पायाचा सांधा वेगळा तपासा. आवळलेल्या जागेच्या पुढचा भाग थंड आणि काळपट असेल तर वेळ कमी आहे.

दुसरी जागा गळ्याची पिशवी. पाणी पिता पिता छाती ओली होते किंवा दाणे पिसांत अडकलेले दिसतात, म्हणजे पिशवी फाटली आहे. अशा पक्ष्याला एक दाणाही नाही. पिशवीला वेगळे टाके, वरच्या कातडीला वेगळे. दोन्ही एकत्र शिवले की पुन्हा गळतं.

गिरेबाज

मोडलेल्या पंखाला इथले बरेच जुने कबुतरबाज दोन काड्या आणि लाल पट्टी बांधतात. बरीही होतात.

चिमटा-सुई

हाड जुळतं हो. कबुतराचं हाड दोन-तीन आठवड्यांत धरतंच. पंख उघडतो का, हा प्रश्न असतो. काड्या बांधून महिनाभर ठेवलेल्या पंखाची पुढची कातडी आखडते, मग तो आयुष्यभर अर्धाच उघडतो. जुन्या लोकांच्या ढाबळीत तो पक्षी खाली चालत असतो, म्हणून बरा दिसतो.

काडी नको. स्वतःलाच चिकटणारी व्हेटरॅप पट्टी, एक इंच रुंद. न मिळाल्यास कागदी मायक्रोपोर. चिकटपट्टीचं लाल प्लास्टर पिसं घेऊनच निघतं. पंख मिटलेल्या नैसर्गिक स्थितीत धरा. पट्टी काखेच्या बाजूने आत घालून पंखाच्या वरून मनगटापुढे आणा, मनगटाला वळसा, पुन्हा आतून मागे, म्हणजे इंग्रजी आठाचा आकडा होतो. दोन फेरे बास. कोपराखालचं हाड असेल तर एवढंच. दंडाचं असेल तर पट्टीचा एक फेरा अंगाभोवती, दुसऱ्या पंखाच्या खालून, तो पंख मोकळा ठेवून. अंगावरच्या फेऱ्याखाली करंगळी सहज गेली पाहिजे. बांधल्यावर पाच मिनिटं बघा. चोच उघडून श्वास घेतोय किंवा शेपटी पंपासारखी वरखाली होतेय, तर लगेच सोडा.

दहाव्या ते चौदाव्या दिवशी पट्टी काढायची. त्यानंतर दिवसाआड पंख हळूहळू ताणून दहा सेकंद धरायचा, असं पाच-सहा वेळा. दुखतंय म्हणून झटका दिला की थांबा.

कोपराखाली दोन हाडं असतात. त्यातलं एकच मोडलं आणि दुसरं शाबूत असेल तर ते शाबूत हाडच काडीचं काम करतं, पिंजऱ्यातली विश्रांती पुरते. हे क्ष-किरणाशिवाय कळत नाही.

आणि दुखतंय म्हणून घरातली गोळी कुस्करून देऊ नका. पक्ष्याला मेलॉक्सिकॅम चालतं, वजनावर मात्रा डॉक्टर काढतील. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडं संपत आली ते माहीत असेलच, २००६ साली जनावरांसाठी ते बंद केलं ते त्याचमुळे.

उंधियूची वाटी

मांजराने धरलेल्या पारव्याचं पण लिहा. जखम तर टाचणीएवढी असते.

चिमटा-सुई

तीच वाईट. मांजराच्या दातातले जंतू त्या टाचणीएवढ्या भोकातून आत जातात आणि पक्षी एक-दोन दिवसांत रक्तदोषाने जातो. सकाळी टुणटुणीत, रात्री मेलेला. नुसतं तोंडात धरलं होतं असं कळलं तरी २४ तासांच्या आत प्रतिजैविक सुरू व्हायला हवं. थांबून बघू असं इथे नाही.

ढाबळीदार, २७ डिसेंबर

खाण्याचं मी लिहितो.

पक्षी गरम झाला, डोळे पूर्ण उघडे, मान वर, तर उथळ वाटीत कोमट ओआरएस. चोच नाकपुड्यांच्या खालपर्यंत बुडवा. कबुतर कोंबडीसारखं मान वर करत नाही, चोच बुडवून ओढून पितं, त्यामुळे चमच्याने ठिबकवण्यापेक्षा हे सोपं. एक-दोन घोट पुरे. त्यानंतर बाजरी आणि मूग समोर टाका. बरेच पारवे माणसासमोर खात नाहीत, म्हणून दाणे मोजून ठेवा. वीस मूग ठेवले आणि सकाळी बारा राहिले, म्हणजे आठ खाल्ले. 'खातोय बहुतेक' याला अर्थ नाही.

स्वतः खात नसेल तर वाटाणे. सुके हिरवे वाटाणे आठ-दहा तास भिजवून, नाहीतर फ्रीजरमधले कोमट पाण्यात सोडून. पक्षी टॉवेलमध्ये मांडीवर. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी चोचीच्या मुळाशी धरून चोच उघडा, उजव्या हाताने वाटाणा जिभेच्या मागे ठेवा, चोच सोडा. तो गिळतो. पहिल्या दिवशी १० वाटाणे तीनदा. नीट पचतंय दिसलं की २५-३० वाटाणे दोन-तीन वेळा. दर वेळी गळ्याच्या पिशवीला हात लावा. आधीचे जाणवत असतील तर पुढचे देऊ नका. आणि गार पक्ष्याला अजिबात भरवू नका. अंग थंड असताना पिशवी हलत नाही, अन्न आत आंबतं.

विष्ठा रोज बघा. घट्ट, तपकिरी-हिरवी, वर पांढरी टोपी असेल तर ठीक. पालकाच्या रसासारखी हिरवी आणि थोडीच, म्हणजे उपाशी आहे. पाण्याचं डबकं आणि मधे दोरीसारखा तुकडा असेल तर सावध व्हा. रोज सकाळी भरवण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. पहिल्या दिवसापेक्षा दहा टक्के उतरलं तर काहीतरी चुकतंय.

घशात बघा. टॉर्च लावून चोच उघडली आणि आत पिवळट चीजसारखे गोळे दिसले, वास आला, तर तो ट्रायकोमोनास नावाचा परजीवी. खरवडू नका, खाली रक्तवाहिनी असते. औषधाने दोन-तीन दिवसांत सुटतं. हा रोग एका पाण्याच्या भांड्यातून अख्ख्या ढाबळीत जातो. म्हणून तर ते ३० दिवस.

चबुतरा

पिल्लांचा प्रश्न राहिलाच. उत्तरायणात आई-बाप मेले की खिडकीच्या छज्ज्यावर पिल्लं तशीच राहतात.

ढाबळीदार

आधी वय ओळखा. डोळे मिटलेले, पिवळे केस: पाच दिवसांच्या आत. काट्यांसारख्या नळ्या फुटलेल्या: सात ते दहा. पिसं भरलेली पण डोक्यावर पिवळे केस शिल्लक: वीसच्या पुढे. तीस-पस्तीसाव्या दिवशी उडतं.

पाच दिवसांच्या आतल्या पिल्लाला आई-बाप दोघंही पिशवीतून दूध देतात. त्यात प्रथिनं आणि चरबी, साखर नाहीच. गाईचं दूध, बिस्किट, दूधपाव हे त्याला विषासारखं. इथे ढाबळ खरी कामाला येते. ज्या जोडीची पिल्लं दोन-तीन दिवसांच्या फरकात असतील तिच्याखाली संध्याकाळी, अंधार पडल्यावर सरकवा, एका जोडीखाली दोनच. एकाच पिल्लाची जोडी मिळाली तर उत्तम. वांझ अंड्यांवर १६-१७ दिवस बसलेली जोडीही घेते, कारण दूध अंडी फुटण्याच्या आधीच तयार होऊ लागतं. दहाव्या दिवशी बसलेल्या जोडीखाली ठेवलं तर ते उपाशी मरेल.

पण हे करताना ३० दिवसांचा नियम मोडतोय, हे लक्षात असू द्या. पिल्लाचा घसा बघा, अंगावरच्या चपट्या माश्या काढा. कबुतराची ही माशी पिसांत खेकड्यासारखी आडवी पळते आणि रक्तातले परजीवी पसरवते.

जोडी नसेल तर पोपटांच्या पिल्लांचं तयार भरडीचं मिश्रण, एकास तीन पाणी, ३९ ते ४० अंश. मनगटावर थेंब टाकून नको, थर्मामीटरनेच, कारण ४३ च्या वर पिशवी भाजते. सिरिंजचं पुढचं टोक कापा, तोंडाला रबरी ग्लोव्हचं बोट ताणून बसवा, त्याला छोटी चीर. पिल्लू त्या चिरेतून चोच आत घालून स्वतः ओढतं, जसं आईच्या तोंडातून ओढतं. एका वेळी वजनाच्या दहा टक्के. पिशवी पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी मऊ राहावी, ताठ नाही. पूर्ण रिकामी झाल्यावरच पुढचं. दहा दिवसांच्या पुढे वाटाणे.

तिसरा मजला

मान मुरडलेला पारवा आणला तर? आमच्या सोसायटीत त्याला 'लकवा' म्हणून फेकतात.

ढाबळीदार

तो पीएमव्ही (पॅरामिक्सोव्हायरस) असण्याची शक्यता मोठी. दाणा टिपायला जातो आणि चोच बाजूला पडते, डोकं उलटं होतं, घाबरला की मान पूर्ण फिरते. विषाणू आहे, औषध नाही. पण खोल वाटीत दाणे भरून ठेवले, गरज पडली तर हाताने भरवलं आणि शांत ठेवलं तर कित्येक पक्षी सहा-आठ आठवड्यांत सावरतात. फेकायची गरज नाही, ढाबळीजवळ आणायचीही नाही. आपल्या पक्ष्यांना मानेच्या कातडीखाली मृत लस डॉक्टरांकडून वर्षातून एकदा. आणि कामाचा क्रम नेहमी आधी ढाबळ, मग जखमींचे पिंजरे, उलटं कधीच नाही. चपलाही वेगळ्या.

पावसाळ्यानंतर चोचीपाशी आणि डोळ्यांभोवती खपल्या येतात, ती देवी. डासांमुळे. खपली काढू नका, तीन-चार आठवड्यांत गळते.

उंधियूची वाटी

माफ करा, पण फुप्फुसांचं कुणीच लिहिलं नाही. मुंबईत २०२५ साली दादरचा कबुतरखाना झाकला तो याच कारणाने, आणि इथे आपण जिन्याच्या खोलीत पिंजरे ठेवा म्हणतोय.

चिमटा-सुई

रास्त मुद्दा. कबुतराच्या सुकलेल्या विष्ठेची आणि पिसांवरच्या पांढऱ्या पुडीची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसांना सूज येते आणि तसंच चालू राहिलं तर कायमचे व्रण पडतात. सगळ्यांना होत नाही. ज्याला होतं त्याला आधी कळत नाही. ओळखायची खूण: ढाबळ झाडल्यावर चार ते आठ तासांनी कोरडा खोकला, कणकण, जिना चढताना धाप. दोन-तीन वेळा असं झालं तर छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि कबुतरं आहेत हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

सुकं झाडू नका. पंपाने पाणी फवारा, दहा मिनिटं थांबा, मग पत्र्याने खरवडा. एन-९५ मास्क, रुमाल नाही. कपडे धाब्यावरच बदला. घरात दमेकरी असेल तर जिन्याच्या खोलीतही नको, धाब्यावर आडोसा करा. पिंजरे धुतल्यावर एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, दहा मिनिटं. आधी घाण काढून टाका, घाणीवर ब्लीच चालत नाही. आणि संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर ते कधी मिसळू नका.

गिरेबाज

खोक्यात पारवाच असेल असं नाही. घार, काळा शराटी, घुबड, पोपटसुद्धा. हे वन्यजीव कायद्यातले, बरे करायला म्हणूनही घरी ठेवायचे नाहीत. खोक्यात अंधार आणि ऊब द्या, १९६२ किंवा वनखात्याला कळवा. घारीचे पाय आधी धरा, चोचीची भीती नंतर. शराटीची चोच मात्र डोळ्यांपासून लांब ठेवा.

पायात कडी असलेला होमर (लांबून घरी परतणारं शर्यतीचं कबुतर) आला तर तो जखमी नसून थकलेला असू शकतो. पाणी, दाणे, दोन दिवस विश्रांती, कडीचा नंबर टिपून ठेवा.

चबुतरा, २९ डिसेंबर

शेवटचं राहिलं: सोडायचं कधी?

चिमटा-सुई

तीन गोष्टी बघा. बंद खोलीत जमिनीवरून स्वतः उठून डोक्यापेक्षा उंच जागी बसतो का, आणि असं सलग पाच-सहा वेळा, धाप न लागता. दोन्ही पंख सारखे मिटतात का, एक लोंबत नाही ना. अंगावर पाणी शिंपडलं तर थेंब घरंगळतात की मुरतात. मुरत असतील तर पिसं अजून तयार नाहीत, रोज आंघोळीचं उथळ पातेलं ठेवा, त्याने ती लवकर जमतात.

सोडायचं सकाळी नऊच्या सुमारास, जिथून आणला त्याच गल्लीत. त्याचा थवा आणि पाणी-दाण्याच्या जागा तिथेच असतात. २० जानेवारीच्या आधी नाही. उत्तरायण संपलं तरी निंबाच्या शेंड्यांवर, विजेच्या तारांवर दोऱ्या होळीपर्यंत लटकत असतात.

तिसरा मजला

आणि जो कधीच उडणार नाही?

ढाबळीदार

तीस दिवसांनंतर ढाबळीत. त्याच्यासाठी खालचा खण, जमिनीपासून वीतभर, चढायला तिरकी फळी, तिच्यावर पोत्याचा तुकडा ठोकलेला. वरच्या नरांनी टोचलं तर खणाला अर्धं जाळीदार दार. जोडीदार मिळाला की अंडी होतात, ती नुसती काढून घेऊ नका, मादी आठ-दहा दिवसांत पुन्हा घालते आणि झिजते. दोन्हींच्या जागी प्लास्टिकची बदली अंडी ठेवा. अठरा-वीस दिवस बसून कंटाळली की ती आपणच उठते.

चबुतरा

व्हेटरॅप एक इंची, दोन रोल. गोल टोकाची कात्री. सलाइनच्या बाटल्या चार. रिकामी खोकी सहा, भोकं पाडून. एवढं आज आणतो. वाटाणे १३ च्या रात्री भिजवायचे.